सांगोल्याच्या रांगेत उभे राहा

खिशातला मोबाईल काढून घरीच ठेवा. जिथं जायचं आहे तिथं त्याला रेंज नाही आणि पुढची तीस वर्षं तरी येणार नाही. पायात जाड तळव्याच्या वहाणा घाला, कारण वाटेत बाभळीचे काटे आहेत आणि ते पाहुण्याची भीड ठेवत नाहीत. डोक्याला काहीतरी गुंडाळा. फडक्यात दोन भाकऱ्या आणि शेंगांची चटणी बांधून घ्या, आणि पाण्यासाठी फिरकीचा तांब्या. तांब्या काठोकाठ भरा. माणदेशात पाणी मागितलं तर मिळतं, पण देणाऱ्याला ते कुठून आणावं लागलं हे पाहिलंत की दुसऱ्यांदा मागवत नाही.

एक विचारायचं राहिलं. तुमचं वय 21 पूर्ण आहे ना? नसेल तर यायला हरकत नाही, पण मत देता येणार नाही. अठराव्या वर्षी मत मिळायला अजून बराच अवकाश आहे.

चला तर. सोलापूर जिल्ह्यातला सांगोला विधानसभा मतदारसंघ. साल 1962, महिना फेब्रुवारी.

मिरजेच्या स्टेशनात छोटी गाडी उभी आहे. रूळ इतके जवळ की गाडी तोल कसा सांभाळते असं वाटावं. लोक तिला अजून ‘बार्शी लाईट’च म्हणतात. लाकडी बाकावर बसा आणि खिडकीतून डोकं बाहेर काढू नका. इंजिनाच्या धुरातले कोळशाचे कण नेमके डोळ्यात जातात. कवठेमहांकाळ, ढालगाव, जतरोड अशी स्टेशनं मागे पडत जातात. गाडी चढाला लागली की पोरं खाली उडी मारतात, चार पावलं पळतात आणि पुन्हा वर चढतात. बाहेर हिरवा रंग कमी होत जातो. खडकाळ माळ, मेंढरांचे कळप, अधूनमधून उभ्या शाळूचं पिवळं पट्टं आणि त्यावर पाखरं हाकणारा एखादा पोरगा. समोरच्या बाकावरचा पागोटेवाला तुमच्याकडं पाहून विचारतो, “कुठनं आलासा, पाव्हनं?” काय सांगाल? “लांबून” म्हणा. खोटं होणार नाही.

सांगोल्याला उतरता तेव्हा अंगावरचे कपडे धुळीनं राखाडी झालेले असतात. आज रविवार, म्हणजे जनावरांचा बाजार. नाकाला आधी कळतं: शेण, कडबा, घामेजलेली जनावरं, कुठंतरी तेलात पडलेली भजी. मग कान भरतात. घुंगरं, हंबरणं, दलालांचं ओरडणं, आणि या सगळ्यावर चढलेला पत्र्याच्या कर्ण्याचा आवाज. सायकलच्या कॅरिअरवर उलटा बसलेला एक पोरगा तोंडाला कर्णा लावून आज रात्री कुठं सभा आहे ते सांगतो आहे. सायकल मारणारा घामानं थबथबला आहे. पुढच्या दांड्याला लाल बावटा बांधला आहे. शेतकरी कामगार पक्ष. पलीकडं भिंतीवर काँग्रेसची बैलजोडी काढली आहे, आणि चितारी इथलाच असावा. बैलांची शिंगं अस्सल खिलारी, मागे वळलेली.

खऱ्या खिलारांपाशी या. पांढरी शुभ्र जोडी, ताठ मान, पाय एका जागी ठरत नाहीत. दोन माणसं समोरासमोर उभी आहेत. दोघांच्या हातांवर एक उपरणं टाकलं आहे आणि उपरण्याखाली बोटं चालली आहेत. एक मान हलवतो, दुसरा हसतो, पुन्हा बोटं. भाव ठरतो आहे, आणि भोवतीच्या पन्नास माणसांना आकडा कळत नाही. तुम्ही टक लावून पाहता तेव्हा शेजारचा म्हातारा तुमच्याकडं झुकतो.

“औंदा मत बी आसंच द्यायचंय म्हनं. शिक्का आपून मारायचा, आन् कुनाला मारला त्यो कुनाला दिसायचा न्हाई.”

म्हाताऱ्यानं नेमकं सांगितलं. आधीच्या दोन निवडणुकांत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी होती. पेटीवर चिन्ह चिकटवलेलं, आणि हातातला नाव-चिन्ह नसलेला कागद हव्या त्या पेटीत सोडायचा. या वेळी पेटी एकच आहे. कागदावर सगळी नावं आणि चिन्हं छापलेली, आणि मतदारानं फुलीचा शिक्का मारायचा. बाजारभर हीच चर्चा. शिक्का उलटा पडला तर? दोन चिन्हांच्या मधल्या रेघेवर पडला तर? एक जण ठासून सांगतो, की शिक्का जोरात मारला तरच धरतात. त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

रात्री सभेला चला. बैलगाडीतून जायचं आहे, आणि गाडीत कडबा पसरला असला तरी हाडं खिळखिळी होणारच. थंडी उतरली आहे. कुणीतरी न विचारता तुमच्या खांद्यावर घोंगडं टाकतं. ते टोचतं, त्याला मेंढरांचा उग्र वास येतो, आणि दहा मिनिटांत ते काढावंसं वाटत नाही.

वाडीतल्या चावडीपुढं गॅसबत्ती टांगली आहे. तिची सूंऽऽ अशी एकसुरी घरघर सुरू आहे आणि भोवती किडे घिरट्या घालतात. पुढं पोरं, मग बाप्ये, आणि मागं भिंतीच्या सावलीत, पदर पुढं ओढून, बाया. हलगी तापवायला शेणकुटाचा जाळ केला आहे. हलगी कडाडते, कलापथकातला शाहीर कानाला हात लावून पहिला सूर ओढतो आणि पोरांची कुजबूज थांबते. मग वकील बोलायला उभे राहतात. गणपतराव देशमुख. मूळचे मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे, सांगोल्याच्या कोर्टात वकिली करणारे, पस्तिशीच्या आसपासचे. तुम्ही पार मागे आहात, चेहरा नीट दिसत नाही. आवाज मात्र येतो, आणि तो आवाज चढत नाही. तुमच्या पुढं उकिडवा बसलेला धनगर एकदाही हलत नाही. सभा संपल्यावर टाळ्या थोड्याच होतात. माणसं उठतात, धोतराची माती झटकतात आणि आपापसांत बोलत अंधारात शिरतात. मतं इथं, या चालण्यात ठरतात.

आणि मग तो दिवस.

पहाटे जाग येते ती जात्याच्या घरघरीनं. आज बायांनी दळणकांडण लवकर उरकायला घेतलं आहे. चुलीवर हुलग्याचं माडगं रटरटतं आहे. वाटीभर घ्या, घसा शेकून निघतो. शाळू काढणीला आला आहे, म्हणजे आजचा दिवस मोडणं कुणालाही परवडणारं नाही. तरी खळ्याकडं जाणारी पावलं आज आधी शाळेकडं वळतात. कुणी तीन मैलांवरच्या वस्तीवरून चालत येतं, कुणी पाटीत लेकरू घेऊन, कुणी म्हाताऱ्या बापाला पाठुंगळी मारून.

शाळेपुढं दोन रांगा आहेत, बाप्यांची आणि बायांची. आपापल्या रांगेत उभे राहा. ऊन अजून कोवळं आहे, पण तासाभरात डोक्यावर येईल. रांगेत पाटील आहे, त्याच्यामागं त्याच्याच शेतावर राबणारा गडी आहे, मग सुतार, मग मेंढरं पोराच्या हवाली करून आलेला धनगर, मग येशीबाहेरच्या वस्तीतला माणूस. पाटलानं सवयीनं मागं पाहिलं, की आपल्याला पुढं घेतील. कुणी हललं नाही. तो घसा खाकरून पुन्हा समोर बघायला लागला. गावात एरवी पाणवठा वेगळा, बसायची जागा वेगळी. आज रांग एक आहे आणि ती सगळ्यांसाठी सारख्याच गतीनं सरकते आहे.

बायांच्या रांगेत काचेच्या बांगड्यांची किणकिण आणि दबलेलं हसू. एक म्हातारी पुढं गेली. टेबलामागच्या गुरुजींनी यादीत बोट फिरवलं आणि खणखणीत आवाजात तिचं नाव घेतलं. तिचं स्वतःचं नाव, मग नवऱ्याचं, मग आडनाव. म्हातारी दचकली. गावात ती कुणाची तरी आई, कुणाची तरी काकी. तिचं नाव चारचौघांत इतक्या मोठ्यानं शेवटी कधी उच्चारलं गेलं, हे तिलाही आठवत नसावं. “व्हय, म्याच ती,” ती म्हणाली आणि डावा हात पुढं केला.

तुमची पाळी. तर्जनीवर काडीनं शाई ओढली जाते. थंड लागते, आणि औषधासारखा तिखट वास येतो. पुसू नका, निघणार नाही. उन्हात गेलात की ती आणखी काळी पडेल. हातात दोन पत्रिका येतात, एक दिल्लीच्या लोकसभेची, एक मुंबईच्या विधानसभेची. कोपऱ्यात तरट बांधून आडोसा केला आहे. आत शिरा.

आत अंधुक आहे. तरटाचा आणि शाईच्या गादीचा वास. बाहेरचा सगळा कालवा एकदम दूर गेल्यासारखा वाटतो. बाकावर पत्रिका ठेवा, शिक्का गादीवर टेकवा. आता तुमच्या खांद्यामागं सावकार नाही, पाटील नाही, नवरा नाही, सासू नाही. हात थरथरला तरी हरकत नाही, सगळ्यांचाच थरथरतो. मारा शिक्का. आता घडी नीट घाला. ओली शाई दुसऱ्या चिन्हावर उमटता कामा नये. बाहेर या. पत्र्याच्या पेटीला लाखेचं सील आहे, वर बारीक फट आहे. कागद आत सोडलात की तो दुसऱ्या कागदांवर पडल्याचा हलका आवाज येतो. तेवढंच. मागून गुरुजी ओरडतात, “चला, पुढं सरका.”

निकाल कळायला वाट पाहावी लागते. तो गाडीनं येतो, पेपरातून येतो, ग्रामपंचायतीच्या रेडिओतून येतो. आला तेव्हा वकिलांचे आमदार झाले होते. गुलाल उधळला गेला आणि दुसऱ्या दिवशी सगळे खळ्यावर हजर होते, कारण शाळू थांबत नाही.

आता बारा वर्षं पुढं या. 1974. पोटनिवडणूक लागली आहे.

या वेळी छोट्या गाडीनं नको, चालत चला, कारण रस्ताच पाहायचा आहे. पायाखालची खडी नीट बघा. ती यंत्रानं फोडलेली नाही. दीड-दोन वर्षांपूर्वी इथं दुष्काळी कामावर माणसं बसली होती, रांगेनं, उन्हात, हातोडी घेऊन. 1972 चा दुष्काळ. आज तो सरला आहे, पाऊस येऊन गेला आहे, पण तुम्ही ज्याच्याशी हात मिळवाल त्याच्या तळव्यावर तो अजून आहे. घट्टे पडलेले तळवे, चेचलेली नखं. एखाद्याची एक पापणी कायमची मिटलेली असते. फुटलेल्या दगडाची कपची डोळ्यात गेलेली. त्याला कारण विचारू नका. तोच सांगेल.

पारावर बसा. इथं निवडणुकीच्या गप्पा भाकरीपासून सुरू होतात. अमेरिकेतून आलेला लाल मिलो कसा लागायचा हे एक बाई सांगते. भाकरी थापली तर काठ फाटायचे, भाजताना वेगळाच वास सुटायचा, आणि तरी पोरं तव्यावरची उतरू द्यायची नाहीत. सुकडीची आठवण निघाली की जवान पोरं हसतात; त्यांना ती गोड लागायची. मग विहिरींची नावं निघतात, माणसांची घ्यावीत तशी. ही कधी आटली, ती कधी आटली, कुठल्या झऱ्याला रात्री दोन वाजता नंबर लावावा लागायचा, आणि घागर भरायला वाटीनं पाणी उपसताना किती वेळ जायचा. जनावरांचं बोलणं निघालं की सगळे गप्प होतात. दावणीची खिलारं कवडीमोलानं विकली गेली, आणि विकताना उपरण्याखाली बोटं चालवायचीही गरज उरली नव्हती.

1972 च्या निवडणुकीत गणपतराव पडले होते. काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे-पाटील निवडून आले होते. आता भिंतींवर काँग्रेसची बैलजोडी नाही, गाय-वासरू आहे. लाल बावटा तोच आहे, जरा विटलेला. सभेची जागाही तीच, पण आता गॅसबत्तीशेजारी लाऊडस्पीकर आला आहे आणि तो दर वाक्याला शिट्टी मारतो. ऐकणारी माणसं मात्र बदलली आहेत. 1962 मध्ये ती नवलाईनं ऐकत होती. आता ती मधेच बोलतात. हजेरीपुस्तक कुणी दाबलं, मजुरीचा आठवडा कधी चुकला, तलावाचं काम अर्धं का राहिलं. एक बाई उभी राहून विचारते, आणि मागच्या अंधारातून नव्हे, पुढं येऊन. खडी फोडताना ती दोनशे माणसांत बोलायला शिकली. दुष्काळानं बरंच काही नेलं, पण हा धीटपणा मागं ठेवला.

या वेळी मतदानाची रांग अधिक शांत आहे. शिक्का कसा मारायचा हे आता कुणी कुणाला सांगत नाही. पोटनिवडणूक गणपतराव जिंकतात. इथून पुढं 1978, 1980, 1985 आणि 1990, असा क्रम चालू राहतो.

या मधल्या वर्षांतून आपण येष्टीनं जाऊ. सांगोल्याच्या स्टँडवर या. डिझेलचा धूर, केळीच्या साली, उसाच्या गुऱ्हाळाचा गोडूस दर्प आणि कंट्रोलरची न समजणारी घोषणा. गाडी लागली की पोरं खिडकीतून टोपी टाकून जागा धरतात. तुम्हीही धरा, नाहीतर तासभर दांडीला लोंबकळावं लागेल. रिकामी दिसते म्हणून पुढच्या त्या बाकावर बसाल तर डोक्यावरचं वाचा. विधानसभा सदस्यांसाठी राखीव, अशी अक्षरं तिथं रंगवलेली असतात. राज्यातल्या बहुतेक गाड्यांत ती अक्षरं निव्वळ रंगाची. सांगोल्याच्या गाडीत मात्र कंडक्टर तुम्हाला बजावतो, “बसा, पर आबासाहेब आले तर उठावं लागंल हां.” कारण इथले आमदार, म्हणजे गणपतराव ऊर्फ आबासाहेब, खरोखर येष्टीनं जातात. गाडीत त्यांच्या शेजारी बसून माणसं विहिरीचं, पोराच्या शाळेचं, सातबाऱ्याचं गाऱ्हाणं सांगतात. निवडणूक आली की खर्चाला वर्गणी निघते, लुगड्याच्या ओच्यातून घामानं ओलसर झालेली नोट बाहेर येते आणि देणारी म्हणते, “आमच्याकडनं एवढंच.”

खिडकीबाहेर पाहत राहा, तालुका बदलतो आहे. कापूस पिकत नसलेल्या या मुलखात शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी उभी राहते. तिच्या दारातून पाळी सुटलेली पोरं बाहेर पडतात तेव्हा त्यांच्या भुवयांवर कापसाची लव असते. मग माळावर एकाएकी हिरवे ठिपके दिसू लागतात. डाळिंब. थेंबाथेंबानं पाणी देऊन वाढवलेली बाग, आणि फुलं अशी लालभडक की उन्हातही नजर ठरत नाही. शेतकरी झाडाच्या बुडाशी बसून नळीची तोंडं तपासतो, एखादं बुजलं असेल तर काडीनं मोकळं करतो. पाणी इथं अजूनही मोजूनच वापरतात.

आता खाली उतरा. आपला मोठा मुक्काम आला. 1995, मार्च महिना, मतमोजणी.

गर्दीत शिरण्याआधी काही खाऊन घ्या, नंतर हलता येणार नाही. भिंतींकडं पाहिलंत? कोऱ्या आहेत. मुख्य निवडणूक आयुक्त शेषन यांचा धाक असा, की चुना-काव घेऊन रात्री हिंडणारे चितारी या वेळी घरी बसले. कर्णेही रात्री दहाला बंद व्हायचे. पण मोजणीच्या दिवसाचा गलका कुणाला बंद करता येत नाही.

केंद्राबाहेर बांबूचं कुंपण आहे आणि त्याला माणसं खेटून उभी आहेत. मागून रेटा आला की बांबू छातीत रुततो. मार्चचं ऊन, डांबराला सुटलेली झळ, घामानं पाठीला चिकटलेले सदरे, तंबाखू आणि विड्यांचा वास. चहाच्या गाड्यावर स्टोव्ह भडकला आहे. पलीकडं एसटीडीच्या काचेच्या खोक्यापुढं वीस जणांची रांग. मुंबईच्या गिरणगावात आणि गोदीत गेलेल्या भावांना आकडे कळवायचे आहेत. आत गेलेला माणूस मीटरकडं डोळे लावून एका दमात बोलतो आणि पटकन फोन ठेवतो.

आत काय चाललं आहे ते तुम्हाला मी दाखवतो. पेट्यांची सीलं फोडली आहेत, पत्रिका एकत्र मिसळल्या आहेत, लांब टेबलांवर त्यांचे ढीग आहेत. मोजणारे कारकून घडी उलगडतात, नजर टाकतात, गठ्ठ्यात सरकवतात. बोटं शाईनं जांभळी झाली आहेत. जाळीपलीकडं उमेदवारांचे प्रतिनिधी मान वाकडी करून बघतात. मधेच एखादी पत्रिका हवेत धरली जाते: शिक्का दोन चिन्हांच्या मधोमध, रेघेवर. तेहेतीस वर्षांपूर्वी बाजारात निघालेली शंका अजून इथं जिवंत आहे. दुसऱ्या एकीवर दोन फुल्या दिसतात. अधिकारी ती उजेडात धरतो. फुलीच्या टोकांना बाण आहेत, आणि घडीमुळं उमटलेला ठसा उलटा असतो, त्यामुळं खरा शिक्का कुठला ते ओळखता येतं. मत ग्राह्य. त्या माणसानं घरी जाऊन कपाळाला हात लावला असेल, की आपलं मत वाया गेलं. ते गेलं नाही.

बाहेर लाऊडस्पीकर खरखरला की सगळा जमाव गप्प. फेरीचा आकडा. अर्धी गर्दी उसळते, अर्धी खाली बघते. पुढच्या फेरीत उलटं. तुमच्या शेजारी उभे असलेले दोघं चुलतभाऊ आहेत. एक गणपतरावांचा, एक काँग्रेसच्या शहाजीबापू पाटलांचा. सकाळी एकाच मोटारसायकलवर आले, आता एकमेकांकडं बघत नाहीत. गुलालाची पोती दोन्ही बाजूंना तयार आहेत, आणि कुणाची फुटणार हे कुणालाच माहीत नाही. लोक जमिनीवर काडीनं बेरजा मांडतात, खोडतात, पुन्हा मांडतात. कुणाला भूक नाही. तुमच्या तांब्यातलं पाणी कधीच संपलं आहे. न मागता कुणीतरी फुलपात्र तुमच्या हातात देतं.

अखेरचा आकडा येतो. शहाजीबापू पाटील विजयी. फरक 192 मतांचा.

क्षणभर कुणाचा विश्वास बसत नाही, जिंकलेल्यांचाही. मग एका बाजूची हलगी फुटते, गुलालाचा लाल ढग वर जातो, दातांत, पापण्यांत, चहाच्या कपात गुलाल. दुसऱ्या बाजूला माणसं आहेत तिथं बसली आहेत. त्यांच्यातला एक जण बोटांवर मोजत पुटपुटतो: खालच्या वस्तीवरची अमकी आजारी होती, तमके ऊसतोडीला गेले ते आलेच नाहीत, त्या घरातल्या चौघांनी लग्नाला जायचं म्हणून मतदान टाळलं. त्याचा हिशेब वस्त्यावस्त्यांतून फिरतो आहे. 192 म्हणजे चार येष्ट्यांत बसतील एवढी माणसं. अख्ख्या तालुक्याचा निकाल चार येष्ट्यांवर आला.

इथून परतीला लागू, आणि वाटेत दोनच ठिकाणी पाय टेकू. 2014. 1999 पासून पुन्हा गणपतरावच आहेत. शिक्का गेला, गादी गेली, शाईचा वास फक्त बोटापुरता उरला. बटण दाबलं की यंत्र लांब ‘पीऽऽ’ वाजवतं आणि रांगेतली म्हातारी समाधानानं मान हलवते, आवाज आला म्हणजे मत गेलं. अठ्ठ्याऐंशीच्या घरातले आबासाहेब सांगोल्यातून अकराव्यांदा निवडून येतात. आणि 2019. आता ते उभे नाहीत, त्यांचे नातू अनिकेत देशमुख उभे आहेत. समोर मधल्या वर्षांत हरूनही पुन्हा पुन्हा उभे राहिलेले तेच शहाजीबापू, आता शिवसेनेकडून. यंत्राशेजारच्या काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि खाली पडते. रात्री आकडा येतो: शहाजीबापू विजयी, फरक 768 मतांचा. 1995 आणि 2019, दोन्ही वेळा जिंकणारा तोच, आणि दोन्ही वेळा निकाल कुणाच्या तरी घरी बसण्यानं किंवा तीन मैल चालत येण्यानं ठरलेला. गणपतराव 30 जुलै 2021 रोजी गेले. 2024 मध्ये त्यांचेच दुसरे नातू बाबासाहेब देशमुख सांगोल्याचे आमदार झाले.

आलात परत. डाव्या तर्जनीकडं पाहा, नखाच्या कडेला काळी रेघ अजून असेल. ती जाईल काही आठवड्यांनी. पण एक ध्यानात ठेवा. सांगोल्यात आमदार अकरा वेळा तोच आला, म्हणून तिथली निवडणूक सोपी होती असं मानू नका. पाणी, दाणा, मजुरी, रस्ता, सगळंच तोकडं असलेल्या मुलखात लोकांनी मत मोजून-मापून वापरलं. ज्याला निवडलं त्याला येष्टीत गाठून जाब विचारला, आणि वेळ आली तेव्हा पाडलंही. मतदारसंघाचा इतिहास विजेत्यांच्या यादीत शोधाल तर अर्धाच सापडेल. उरलेला अर्धा शाळेपुढच्या रांगेत उभा होता.

तेव्हा तुमच्या गावात, तुमच्या वॉर्डात पुढचं मतदान येईल, त्याच्या आधी यादीत आपलं नाव आहे का ते तपासा. शेजारच्या म्हाताऱ्या आजींचंही तपासा. आणि त्या दिवशी रांग लांब दिसली म्हणून माघारी फिरू नका. चार येष्ट्या भरतील एवढीच माणसं तुमच्यासारखा विचार करून घरी बसली, तर निकाल फिरतो. सांगोल्यात तो फिरलेला आहे.